चोगाकबो शिकताना आधी कुठली शिवण?

चोगाकबो म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे जोडून शिवलेलं कोरियन बासन, म्हणजे वस्तू गुंडाळायचं कापड. त्याच्या शिवणींपैकी या दोन.

काम्छिमजिलमध्ये दोन तुकड्यांच्या कडा दुमडून काठाला काठ लावायचा आणि अगदी बारीक तिरके टाके घालायचे. मागे कडा उघड्या राहतात, म्हणून सहसा अस्तर लागतं.

स्सामसोलमध्ये एक कड दुसरीत गुंडाळली जाते. अस्तर नको, दोन्ही बाजू स्वच्छ. पारदर्शक मोशीवर (रॅमी या वनस्पतीच्या धाग्यांचं तलम कोरियन कापड) तर ती फारच खुलते. खिडकीत टांगा: तुकडे उजळतात आणि कापडाचे थर जिथे साठले, तिथे शिवणी गडद रेघांसारख्या उमटतात. मला हीच जास्त आवडते. तरी सुरुवात काम्छिमजिलनेच करा. टाका चुकला तर पटकन उसवता येतो.