दोन पेट्या काडतुसे आणि गेलेले ७४० डॉलर

माझे ७४० डॉलर आणि ५ सेंट गेले. रुपयांत सांगायचे तर तेव्हाच्या दराने ५४ हजारांच्या आसपास. हे पैसे मी काडतुसे विकणाऱ्या एका बनावट संकेतस्थळाला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून, दोन खेपांना पाठवले आणि त्यांच्या बदल्यात मला एकही गोळी मिळाली नाही. न्यू जर्सीत आपल्या मराठी मंडळींपैकी नेमबाजीच्या सरावासाठी रेंजवर जाणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांतल्या दोघांनी याच महिन्यात मला विचारले की ऑनलाइन कुठे नाइन एमएम, म्हणजे पिस्तुलाची त्या मापाची काडतुसे, मिळतात का. मी त्यांना तोंडी काय ते सांगितले, पण बाकीच्यांपर्यंत हे पोहोचावे म्हणून लाज बाजूला ठेवून सगळे लिहून काढतो आहे.

ही गोष्ट २०२१च्या जानेवारीतली. काडतुसांच्या टंचाईच्या त्या दिवसांत दुकानांची काय अवस्था होती हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आमच्या गावाजवळच्या दुकानात काडतुसांची पूर्ण भिंत रिकामी होती. फळीच्या कडेला जुन्या किमतीच्या चिठ्ठ्या तेवढ्या तशाच होत्या, नाइन एमएम, ५० गोळ्या, ९.९९ डॉलर, आणि चिठ्ठीच्या वर मोकळी फळी व तिच्यावर बॉक्सच्या आकाराचे धुळीचे चौकोन. कोपऱ्यात फारसे कोणी न वापरणाऱ्या मापांचे चारसहा बॉक्स पडलेले. काउंटरवरचे वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, "माल येतो, पण टिकत नाही. मंगळवारी ट्रक येतो, माणशी एक बॉक्स देतो, आणि अर्ध्या तासात काही उरत नाही." मी ते ऐकले, पण मला ते पटले नाही. माल खरोखर येत असता तर आठ आठ महिने फळी रिकामी कशी राहिली असती, असे माझे म्हणणे होते.

माझे चुकले ते इथे, आणि मी फसलो त्याचे मूळही इथेच आहे. मी मनाशी ठाम धरून बसलो होतो की माल कुठेतरी दाबून ठेवला आहे. कंपन्या भाव चढण्याची वाट पाहत आहेत, बडे व्यापारी गोदामे भरून बसले आहेत, आणि नेमके दार सापडले तर आपल्यालाही जुन्या भावाच्या जवळपास काडतुसे मिळतील. रेंजवर प्रत्येक जण हेच बोलत होता. त्याच सुमारास काडतुसे बनवणाऱ्या फेडरल कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जेसन व्हँडरब्रिंक यांनी चित्रफीत काढून सांगितले होते की आम्ही काहीही लपवून ठेवलेले नाही, कारखाने चालू आहेत आणि माल रोज बाहेर पडतो आहे. मी ती चित्रफीत पाहिली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. मात्र ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा संकेतस्थळावर मी विश्वास ठेवला.

आता पैसे गेल्यावर मी नीट वाचले आणि हिशेब करून पाहिला. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली अमेरिकेत सुमारे ८४ लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. या प्रत्येकाने बंदुकीबरोबर ५० गोळ्यांचे दोनच बॉक्स घेतले असे धरले, तरी ८४ कोटी गोळ्या नुसत्या नव्या लोकांनी उचलल्या. जुन्यांची गोष्ट वेगळीच. एरवी महिन्याला दोन बॉक्स घेणारा माणूस फळीवर दहा दिसले की दहाही घेतो, कारण पुढच्या खेपेला मिळतील याची त्याला खात्री नसते; मग दुकानदार माणशी एकाची मर्यादा घालतो, तर हाच माणूस बायकोला आणि मुलाला रांगेत उभे करतो. पुरवठा थोडा वाढला तरी तो लोकांच्या तळघरांत जातो, फळीवर येत नाही. आणि पुरवठा फार वाढूही शकत नाही. काडतुसाच्या बुडाशी प्रायमर नावाची छोटी स्फोटक टोपी असते. तिचा मसाला इतका नाजूक असतो की तिचे यंत्र आणि तिचा कारखाना चार महिन्यांत उभा राहत नाही. या देशात प्रायमर मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या तेव्हा मोजून चार होत्या, आणि त्यांतली रेमिंग्टन २०२०च्या जुलैमध्ये दिवाळखोरीत गेली होती. अर्कान्सासमधला तिचा लोनोकचा कारखाना पुढे व्हिस्टा आउटडोअरने, म्हणजे फेडरलच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, घेतला. काडतुसांचा तो सगळा व्यवसाय ८ कोटी १४ लाख डॉलरना गेला. नवे कारखाने का काढले नाहीत, याचेही उत्तर साधे आहे. २०१६च्या निवडणुकीनंतर मागणी एकदम ओसरली होती, आणि रेमिंग्टन २०२०च्या आधी २०१८मध्येही दिवाळखोरीत जाऊन आली होती. लाट ओसरल्यावर पडून राहणाऱ्या यंत्रांवर कोण पैसे घालेल?

हे मला जानेवारीत ठाऊक असते, तर ज्या संकेतस्थळावर "शिल्लक : ४,८१२ बॉक्स" असा आकडा दिसला ते मी त्याच क्षणी बंद केले असते. टंचाईत जिथे भरपूर माल शिल्लक दिसतो तिथे माल नसतो, हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

माझ्याकडे तेव्हा ८५ गोळ्या उरल्या होत्या. क्लबचा सराव सुरू ठेवायचा तर त्या दोन रविवारीही पुरल्या नसत्या. मंडळातल्या एका मित्राचीही तीच अडचण होती. त्याने मला २८० डॉलर आगाऊ दिले आणि म्हणाला, "तू बघतोस ना, मग झालं." हजार गोळ्यांच्या दोन पेट्या, प्रत्येकी २७९ डॉलर, म्हणजे ५५८. खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवले तर ५ टक्के सूट, म्हणजे २७.९० कमी. पाठवणावळ २९.९५. एकूण ५६०.०५. हा भाव फार स्वस्त नव्हता, हे मला आवर्जून सांगायचे आहे, कारण ज्याला त्याला सांगितले तो म्हणतो, एवढे स्वस्त पाहून शंका कशी आली नाही. टंचाईपूर्वी हजार गोळ्या १८० ते २०० डॉलरला मिळत. त्यामुळे २७९ हा मला वाढलेला, पण सचोटीचा भाव वाटला. वाटेल तो भाव लावणाऱ्या पुनर्विक्रेत्यांना पैसे द्यायला मी तयार नव्हतो, आणि या चोरांना माझ्यासारख्याचा तो हेका नेमका माहीत होता.

शंका यायलाच हवी होती, ती दुसरीकडे. न्यू जर्सीत हँडगनच्या गोळ्या घ्यायच्या तर फायरआर्म्स परचेसर आयडी कार्ड, म्हणजे बंदूक घेणाऱ्याचे सरकारी ओळखपत्र, लागते. २०१९मध्ये मी एका खऱ्या ऑनलाइन दुकानातून गोळ्या मागवल्या होत्या, तेव्हा त्यांनी कार्डाची प्रत घेतल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकू दिली नव्हती. या संकेतस्थळाने माझा न्यू जर्सीचा पत्ता घेतला आणि कार्डाचे नावही काढले नाही. वयसुद्धा विचारले नाही. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऑर्डर भरत होतो, कार्ड पाकिटातून काढून लॅपटॉपशेजारी ठेवले होते, आणि ते परत पाकिटात ठेवताना मला बरे वाटले की एक कटकट वाचली. बायको चहा ओतत होती. तिने विचारले, "अहो, त्यांनी कार्ड मागितलं नाही? मागच्या वेळी तर मागितलं होतं." मी तिला म्हणालो, "मोठ्या दुकानांची पद्धत वेगळी असते." मला कोणत्याही मोठ्या दुकानाची कोणतीही पद्धत ठाऊक नव्हती. मला फक्त त्या दोन पेट्या हव्या होत्या. तिने पुढे काही विचारले नाही, आणि त्या रात्रीपासून आजपर्यंत त्यावरून एक शब्दही बोललेली नाही. तिच्या त्या गप्प राहण्याने मला जेवढे लागते तेवढे पैसे गेल्याचेही लागत नाही.

पैसे पाठवताना समोर दुकानाचे नाव आले नाही, एका बाईचे नाव आले. मी चॅटवर विचारले, तर उत्तर आले की त्या आमच्या हिशेबनीस आहेत. दुकानाचे खाते दुकानाच्या नावावर असते, हे शाळकरी पोराला कळते. तरीही मी बटण दाबले.

चौथ्या दिवशी ईमेल आली की माल निघाला असून टपाल खात्याच्या प्रायॉरिटी मेलने येत आहे. अमेरिकन टपाल खाते काडतुसे नेतच नाही. ती टपालाने पाठवणे नियमाविरुद्ध आहे, आणि ती येतात खासगी कुरिअरच्या जमिनीवरच्या वाहतुकीनेच. हे मी नंतर वाचले. आपल्याला कोणी टपालाने गोळ्या पाठवतो म्हणाला की तिथेच थांबा. सहाव्या दिवशी दुसरी ईमेल आली : स्फोटक माल असल्याने वाहतूकदाराने विमा मागितला आहे, १८० डॉलर भरा, माल हाती पडताच ते परत मिळतील. मी भरले. ५६० अडकलेले असताना १८० भरून ते सुटतील असे माणसाला वाटते. तुम्हालाही वाटले असते. नवव्या दिवशी राज्याच्या परवान्यासाठी ३५० डॉलर मागितले, तेव्हा माझे डोळे उघडले. "परत मिळणारा" विमा, ठेव, परवाना यांतले काहीही खऱ्या दुकानात नसते.

संकेतस्थळावरचा पत्ता मी तेव्हा शोधून पाहिला, आधी पाहायला हवा होता. त्या पत्त्यावर खरेच एक जुने दुकान होते, दुसऱ्या राज्यातले. त्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक सगळे चोरलेले होते. फक्त फोन नंबर वेगळा होता. मी खऱ्या नंबरवर फोन केला. मालक थकलेल्या आवाजात म्हणाले, "आज तुम्ही चौथे. माझ्याकडे विकायला नाइन एमएमचा एक बॉक्स नाही." संकेतस्थळाची नोंदणी किती जुनी हे कोणालाही फुकट पाहता येते. याची नोंदणी २३ दिवसांपूर्वीची होती.

मग मी तक्रारींच्या मागे लागलो. बँकेत ४० मिनिटे फोन धरून बसलो, तेव्हा एक बाई म्हणाल्या की पैसे तुम्ही स्वतः पाठवले, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. १९७८चा इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफर कायदा तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी आहे. फसवून तुमच्याच हाताने घेतलेल्या पैशांना बँका त्यात धरत नाहीत. हेच पैसे मी क्रेडिट कार्डने भरले असते, तर १९७४च्या कायद्याने माल न आल्याची तक्रार ६० दिवसांत लेखी करून रक्कम अडवता आली असती. त्या ५ टक्के सुटीचा अर्थ एवढाच होता : २७ डॉलर ९० सेंटसाठी मी माझे कायद्याचे संरक्षण सोडून दिले. ज्या बँकेत त्या बाईचे खाते होते, तिथे फोन केला तर म्हणाले, आम्ही फक्त आमच्या ग्राहकाशी बोलतो. चोर त्यांचा ग्राहक आणि मी कोणी नाही! गावच्या पोलिसांनी कागद भरून घेतला, आणि अधिकाऱ्याने मला आधी विचारले काय, तर एवढ्या गोळ्या तुम्हाला कशाला हव्या होत्या. माझ्याकडे कायदेशीर कार्ड आहे, कायदेशीर पिस्तूल आहे, क्लबचे सदस्यत्व आहे. चोरी माझी झाली आणि जबाब मी द्यायचा. त्यांनी केंद्र सरकारच्या तक्रार खात्याकडे पाठवले, तिथून एक क्रमांक आला आणि नंतर काहीही आले नाही. राज्याच्या ग्राहक खात्याने कळवले की विक्रेता राज्यात नसल्याने आमचे हात बांधलेले आहेत. मी संकेतस्थळाचा पत्ता, पैसे घेणाऱ्या खात्याचे नाव, चॅटच्या प्रती, ईमेलचे मथळे, एवढे सगळे लावून चार ठिकाणी दिले होते. खाते अमेरिकेतल्या बँकेत आहे, त्या खात्यावर नाव आहे, आणि तरीही एकालाही एक फोन करावासा वाटला नाही. रक्कम लहान आहे, असे एकाने स्पष्ट सांगितले. मी एकटाच असतो तर रक्कम लहान होती. त्या दुकानदाराला एका दिवसात माझ्यासारखे चार फोन येत होते.

मित्राला मी २८० डॉलर रोख परत दिले. तो घेत नव्हता, मी दिले.

तक्रारीनंतर ते संकेतस्थळ पाच आठवडे तसेच चालू होते. मार्चमध्ये ते बंद झाले, आणि गेल्या आठवड्यात ज्या मित्राने मला नाइन एमएमबद्दल विचारले, त्याने दाखवलेले संकेतस्थळ तेच आहे. नाव नवे आहे, रंग नवा आहे, पण पेट्यांचे छायाचित्र जुनेच आहे : हिरव्या सतरंजीवर एकावर एक रचलेल्या सहा पेट्या, वरून दुसरीचा डावा कोपरा चेमटलेला, आणि मागे भिंतीवर पांढरे बटण. त्याच्या खाली छोटे पिस्तुलाचे प्रायमर, हजाराला ३८ डॉलर, भरपूर शिल्लक, असे लिहिले आहे. २०२१च्या टंचाईत ३८ डॉलरला हजार प्रायमर, तेही भरपूर, मिळणे जवळपास अशक्य होते. पैसे खात्यातून पाठवल्यास सूट आता ८ टक्के आहे.