कार्डावर १२८ जीबी, आत फक्त ८

चोपड्याकडे आमच्या काकांची केळीची बाग आहे. मे संपता संपता कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, निसवायला लागली, म्हणजे झाडांतून केळफूल बाहेर पडायला लागलं. कोणतं झाड कोणत्या दिवशी निसवलं हे कळलं की घड कापणीला कधी येईल याचा अंदाज बांधता येतो. म्हणून मी मोटारखोलीच्या भिंतीला रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर आणि कॅमेरा लावला. दर दहा मिनिटांनी समोरच्या ओळीचा एक फोटो. या बोर्डाला स्वतःची हार्डडिस्क नसते. ऑपरेटिंग सिस्टिमपासून फोटोंपर्यंत सगळं एका मायक्रोएसडी कार्डावर राहतं.

ते कार्ड मी जळगावातल्या एका दुकानातून ३५० रुपयांना घेतलं. नावाजलेल्या कंपनीचं पाकीट, वर १२८ जीबी. माझा साशंक चेहरा पाहून दुकानदाराने कार्ड स्वतःच्या मोबाइलमध्ये घालून दाखवलं. ११९ जीबी दिसले. "कंपनी हजाराच्या पटीत मोजते भाऊ, मोबाइल १०२४ च्या, म्हणून कमी दिसतं," असं त्याने समजावलंही. हे गणित अगदी खरं आहे, आणि त्याच्यावरच माझा विश्वास बसला. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलं तर भाव वाढेल." मी तिथेच थांबायला हवं होतं.

घरी रास्पबेरी पाय इमेजर या कार्डावर सिस्टिम लिहिणाऱ्या प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमची लाइट, म्हणजे छोटी, आवृत्ती कार्डावर चढवली. लिहून झाल्यावर इमेजर तपासणी करतो, तीही बिनचूक झाली. कार्ड बोर्डात घातलं, पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी निर्धास्त झालो.

दोन-अडीच आठवड्यांनी फोटो उघडायला गेलो तर वरच्या अर्ध्या भागात केळीची पानं आणि खाली नुसता राखाडी पट्टा. पुढचे तर उघडेचनात. बोर्ड बंद करून चालू केला. लाल दिवा लागला. हिरवा चार वेळा लुकलुकला, थांबला, पुन्हा चार वेळा. याचा अर्थ, बूट व्हायला, म्हणजे सुरू व्हायला, लागणारी स्टार्ट फाइलच त्याला सापडत नव्हती.

आधी वाटलं, उन्हाने बोर्ड गेला. पण दुसऱ्या, जुन्या कार्डावर तो लगेच चालू झाला. मग बिघडलेलं कार्ड लॅपटॉपला लावून फॉरमॅट केलं आणि एफ३ नावाच्या मोफत प्रोग्रामने तपासलं. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून पाहतो. रात्री लावून झोपलो. सकाळी निकाल समोर होता: जेमतेम ७ जीबी शाबूत, बाकी सगळं हरवलेलं. म्हणजे आतलं कार्ड खरं तर ८ जीबीचं.

यातली मेख अशी. कार्डात एक छोटा कंट्रोलर असतो आणि 'मी एवढा मोठा आहे' हे तोच सांगतो. बनावट कार्डात त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. मोबाइल, लॅपटॉप, बोर्ड सगळे तोच आकडा दाखवतात. खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर हवेत जातो, नाहीतर फिरून सुरुवातीच्या डेटावर लिहिला जातो. माझ्या बूट फाइल्स बहुधा अशाच पुसल्या गेल्या. आणि इमेजरची तपासणी? तो जेवढं लिहितो तेवढंच तपासतो. दोन-अडीच जीबीची सिस्टिम ८ जीबीत आरामात मावते, म्हणून ती पास होणारच. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, "कार्ड तुम्ही फॉरमॅट केलं, आता वॉरंटी नाही." हातात पुरावा म्हणून फक्त यूपीआयची नोंद. तेवढ्यावर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे.

तुम्ही कार्ड घ्याल तेव्हा बिल घ्याच, आणि सिस्टिम चढवायच्या आधी कोरं कार्ड पूर्ण भरून तपासा. लिनक्सवर एफ३, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू. १२८ जीबीला काही तास लागतात, लागू द्या. तपासणी नापास झाली तर त्याच दिवशी, पाकिटासकट दुकान गाठा.

काकांनी एवढंच विचारलं, "सगळा फोटो गयात का रे?" ३५० रुपयांचं मला काही नाही. पण निसवणीचे ते दिवस परत येणार नाहीत. नवीन कार्ड बिलासकट आणलं, रात्रभर तपासलं. ओळीतली शेवटची काही झाडं निसवायची राहिली आहेत, त्यांच्यासमोर कॅमेरा काल परत लावला.