सांगलीत घेतलेला फ्रेंच ब्राँझचा मर्क्युरी

गणपती पेठेच्या मागं जुन्या सामानाचं एक दुकान आहे, समया, ग्रामोफोन, बंद पडलेली घड्याळं असलं सगळं, तिथनं मी हा मर्क्युरीचा, म्हणजे रोमन लोकांच्या निरोप्या देवाचा, पुतळा घेतला आणि मला तो जाम आवडलाय. दीडेक फूट उंच, एका चवड्यावर उभा, टोपीला पंख, पायाला पंख, एक हात वर, आणि पायाखाली खांब नाहीये तर वाऱ्याच्या देवाच्या तोंडातनं निघालेली फुंकर आहे!! मूळ मूर्ती जाम्बोलोन्या या शिल्पकाराची, साधारण १५८० ची, फ्लॉरेन्सच्या बार्जेलो म्युझियममधली. पुढं आशिल कोलास या फ्रेंच माणसानं मूर्ती मापात लहान करायचं मशीन काढलं, १८३८ ला बार्बेदिएन या ब्राँझच्या मूर्ती ओतणाऱ्या कारखानदाराबरोबर पॅरिसमधे भागीदारी केली आणि असल्या नावाजलेल्या शिल्पांच्या कॉप्या साध्या घरांच्या दिवाणखान्यात जायला लागल्या. माझ्या पुतळ्यावर बार्बेदिएनचा शिक्का नाही, दुकानदार काकांनी ते आधीच सांगितलं आणि भावही तसाच लावला.

दुसरं म्हणजे काका मूर्ती हातात देतात. "ताई, उलटी करून बघा की, त्यात काय." हे फार महत्त्वाचं आहे, कारण जस्ताच्या ओतीव मूर्ती वरनं ब्राँझचा रंग देऊन खपवतात आणि लोहचुंबक तर दोन्हीला चिकटत नाही, मग कळणार कसं. बुडाशी बारीक ओरखडा असेल तिथं बघायचं, ब्राँझ पिवळसर दिसतं, जस्त राखाडी. टिचकी मारली की ब्राँझ देवळातल्या घंटेसारखं घुमतं, जस्त बद्द वाजतं. हात वेगळा ओतून बसवलेला असतो, खांद्याशी सांध्याची पुसट रेघ सापडते, ती असली तर घाबरू नका, त्या काळची पद्धतच ती.

खोट एकच, हातातली सापांची काठी नंतर बसवलेली आहे, साधं पितळ, रंग लगेच वेगळा दिसतो.

आणि हात जोडून सांगते, तो तपकिरी रंग घासू नका!! तो मळ नाही, ओतल्यावर केमिकल लावून, तापवून मुद्दाम आणलेला असतो. पितांबरी नको, चिंच नको, लिंबू नको. दुसऱ्या एका ठिकाणी अशीच एक जुनी देवी घासून लखलखीत केलेली बघितली, डोळ्यांच्या खाचांतली सगळी सावली गेलेली, जीव तुटला अक्षरशः. मऊ ब्रशनं धूळ झाडा, बास.

घासाघीस थोडी होते, यूपीआय चालतं. पॅकिंगचं सामान मात्र घरनंच न्या, ते रद्दीत गुंडाळून देतात आणि त्या वर केलेल्या बोटाला नुसता पेपर पुरत नाही.