टिकटिक कोणाला ऐकवायची: गल्लीतल्या मिस्त्रीला की कंपनीच्या वर्कशॉपला?

सकाळी गाडी चालू केली आणि बॉनेटखालून शिलाई मशीनसारखी टिकटिक सुरू झाली, तर आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं टाका. "नागपूरच्या उन्हात जाडं ऑइल बरं" म्हणणारे खूप भेटतील. पण ५डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकलं, तर सकाळी ते वर टॅपेटपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांपर्यंत, पोचायलाच वेळ लागतो आणि टिकटिक उलट लांबते.

ऑइल बरोबर असूनही आवाज आहे? मग तो थंड इंजिनचा आहे की गरम, यावर गाडी कुठे न्यायची ते ठरवा.

थंडपणी येऊन पाच-दहा मिनिटांत जाणारा आवाज मिस्त्रीचा. मी तो घेऊन मनीषनगरहून वर्धा रोडनं कंपनीच्या वर्कशॉपला गेलो होतो. पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, आवाज गायब. संध्याकाळी जॉब कार्डावर "आवाज आढळला नाही" आणि तपासणीचे पैसे. गल्लीतला मिस्त्री सकाळी सातला घरीच आला. लांब पेचकसाचं टोक टॅपेट कव्हरवर, मूठ कानाला. तिथे काही नाही. मग इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या एग्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ वाकला आणि गॅस्केटलगतचा काजळीचा पट्टा दाखवला. "टॅपेट नाही बोलून राहिले भाऊ, गॅस्केट लीक आहे." लोखंड तापून फुगलं की फट बुजते, म्हणून आवाज जातो.

गरम इंजिनवरही टिकून राहणारी टिकटिक मात्र मी वर्कशॉपला नेईन. स्क्रूवाले टॅपेट मिस्त्री फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून उत्तम बसवतो. पण शिमवाले असतील तर गॅप मोजून नेमक्या जाडीची शिम, म्हणजे धातूची चकती, मागवावी लागते, आणि ऑइल प्रेशर तर गेज लावूनच कळतं. अंदाजानं "टॅपेट टाइट करून देतो" म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. गॅप कमी पडली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही, वर्कशॉपच, आवाज थंड असो की गरम. फक्त आदल्या संध्याकाळी गाडी तिथे ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना स्वतः हजर राहा. थंड आवाजाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवलात तर अजून बरं.

रेस देऊनही टिकटिकीचा वेग बदलत नसेल, तर ती इंजिनच्या आतली नाही. पेट्रोल गाडीत तो आवाज बहुतेक पर्ज व्हॉल्व्हचा असतो, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या झडपेचा; तो कोणीही बघेल. इंजेक्टरची बारीक टिकटिक रेसबरोबर वाढते, पण ती नेहमीचीच.

आणि आवाज खालून येतोय, जड, ठकठक असा, रेस दिली की वाढतोय, किंवा ऑइलचा लाल दिवा लागलाय, तर इंजिन तिथेच बंद करा आणि टो बोलवा. "वाडीपर्यंत तर जाईल" असं म्हणून चालवाल, तर बेअरिंगच्या खर्चात क्रँकचा खर्चही मिळेल.