कृतज्ञतेची नोंदवही : एका अ‍ॅपचे परीक्षण

दिवसभरात आपल्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टींची नोंद ठेवण्यासाठी तयार केलेले हे अ‍ॅप मी काही महिने नियमितपणे वापरले असून, त्यातील नोंदवहीचा भाग मनापासून आवडल्यामुळेच उरलेल्या भागाबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. अ‍ॅपचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप त्याच्या रचनेला आहे आणि अशी रचना इतर अ‍ॅप्समध्येही आढळू शकते.

रोज रात्री तीन प्रश्न समोर येतात : आज काय चांगले घडले, ते कोणामुळे घडले आणि त्यासाठी त्या व्यक्तीला काय करावे लागले. या अ‍ॅपचे खरे बळ तिसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्या दोन प्रश्नांना 'कुटुंब', 'आरोग्य', 'मित्र' अशी ठरीव उत्तरे देऊन मोकळे होता येते. तिसऱ्यापाशी मात्र थांबावेच लागते. एका नोंदीत मी 'सहकाऱ्याने अहवाल तपासून दिला' एवढेच लिहिले होते. त्यासाठी त्याला काय करावे लागले असेल, हे आठवू लागल्यावर समासातल्या पेन्सिलीच्या बारीक खुणा डोळ्यांसमोर आल्या : प्रत्येक आकडा त्याने मूळ तक्त्याशी ताडून पाहिला होता, दोन ठिकाणी बेरीज पुन्हा केली होती आणि हे सारे स्वतःचे काम बाजूला ठेवून केले होते. एरवी याच सहकाऱ्याच्या प्रगतीशी मी स्वतःची प्रगती ताडून पाहत असे. ती नोंद लिहिताना तो माझ्या पुढे आहे की मागे, हा विचारच मनात आला नाही. एका साध्या प्रश्नाने एवढे साधावे, याचे मला फार मोल वाटते.

रविवारचा स्वाध्यायही विचारपूर्वक बेतलेला आहे. आठवड्यातली एखादी चांगली गोष्ट घडलीच नसती तर काय झाले असते, याची कल्पना करून चार ओळी लिहायच्या असतात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या चेहऱ्यांचा अभ्यास करून १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, कांस्यपदक मिळालेले खेळाडू रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा अधिक आनंदी दिसत असल्याचे आढळले होते. रौप्यविजेत्याचे मन हुकलेल्या सुवर्णाकडे जाते, तर कांस्यविजेत्याला पदकच मिळाले नसते ही शक्यता दिसते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. स्वाध्यायातली तुलनाही याच जातीची आहे. ती आपल्याच आयुष्यातल्या दोन शक्यतांमध्ये होते आणि तिच्यासाठी दुसऱ्या कोणाला खाली बसवावे लागत नाही.

म्हणूनच सकाळी येणारा 'तुमच्यापेक्षा कमी असलेल्यांची आठवण ठेवा' हा संदेश मला खटकतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो यांच्या २००३ च्या प्रसिद्ध अभ्यासातील एका प्रयोगात, कृतज्ञतेच्या नोंदी करणारा गट आणि आपण इतरांपेक्षा कोणत्या बाबतीत सुस्थितीत आहोत हे लिहिणारा गट, असे दोन वेगळे गट केले होते. अ‍ॅपने मात्र या दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली आणल्या आहेत. दुसऱ्याच्या हलाखीवर उभे राहिलेले समाधान त्याचे दिवस पालटताच डळमळते. शिवाय त्यात त्या माणसाविषयी आस्थाही नसते.

सर्वांत मोठा दोष 'आपल्यासारखे लोक' या पानाचा आहे. तिथे आपल्याच वयाच्या आणि आपल्याच क्षेत्रातल्या वापरकर्त्यांच्या नोंदी दिसतात आणि प्रत्येक नोंदीखाली तिला मिळालेल्या पसंतीचा आकडा असतो. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले होते की, स्वतःला जोखण्यासाठी वस्तुनिष्ठ माप हाताशी नसले की माणूस इतरांशी, विशेषतः आपल्याशी साम्य असलेल्यांशी, तुलना करू लागतो. कृतज्ञतेला तर कोणतेच माप नाही. त्यामुळे हे पान चाळताना दुसऱ्याला परदेशात मिळालेली संधी किंवा त्याचे नवे घर हेच माप होऊन बसते आणि वेळेवर तपासून मिळालेला अहवाल नोंदण्याजोगा वाटेनासा होतो. पुढे तर लिहिणाऱ्याचा हात वाचणाऱ्याच्या पसंतीकडे पाहून चालू लागतो. ज्या सवयीतून बाहेर पडण्यासाठी माणूस हे अ‍ॅप उघडतो, तीच सवय त्याला इथे पुन्हा लावली जाते, याचे मला मनस्वी वाईट वाटते.

नोंदींचा क्रम तुटला की येणारी सूचनाही अनावश्यक आहे. मानसशास्त्रज्ञ सोनिया ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा नोंद करणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा करणाऱ्यांना तो झाला नाही. तेव्हा रोजचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

अक्षरांचा आकार, शोधाची सोय आणि जुन्या नोंदी उतरवून घेण्याची व्यवस्था चोख आहे. नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीने मात्र उपचारांऐवजी यावर विसंबू नये. इतरांनी अ‍ॅप घेताच सेटिंगमध्ये जाऊन 'आपल्यासारखे लोक' हे पान आणि सकाळचा संदेश बंद करावा, नोंदीची वारंवारता साप्ताहिक ठेवावी आणि तिसऱ्या प्रश्नाला भरपूर वेळ द्यावा. एवढे बदल करून वापरायचे असल्यास मी त्याची निःसंकोच शिफारस करतो. निर्मात्यांनी ते पान मुळातूनच काढून टाकावे, असे मी त्यांना कळवलेही आहे.