२६ फुटी शिडाच्या बोटीवर १०० एएच लिथियम बॅटरी: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

आधी मांडणी. मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यात कायम टाकलेल्या बोयाला बांधून) असणारी २६ फुटी फायबरची बोट, आत यानमार १जीएम१० हे एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला ३५ अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र). दिवे, व्हीएचएफ (समुद्री रेडिओ), प्लॉटर (नकाशा दाखवणारा पडदा) वगैरेंसाठी १२.८ व्होल्ट १०० एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. इंजिन स्टार्ट करायला वेगळी, साधी लेड-ॲसिड. दोघींच्या मध्ये १८ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीकडून दुसरीला ठरावीक करंट देणारा). वर १०० वॉटचं सोलर पॅनेल, ७५/१५ (व्होल्ट/अँपिअर) एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा, आणि मोजमापाला शंट (मायनस वायरमधून जाणारा-येणारा करंट मोजणारा तुकडा) असलेला बॅटरी मॉनिटर.

बॅटरीबद्दल तक्रार नाही. पण नव्या मालकाचं सगळं लक्ष बॅटरीच्या ब्रँडवर जातं, आणि त्रास देतात त्या वायर, फ्यूज, चार्जर. बॅटरी सगळ्यात शेवटी विकत घ्यावी.

पहिल्यांदा वही घेऊन हिशेब मांडा. मांडवा किंवा मुरूडकडे जाऊन एक रात्र नांगरावर काढायची असेल तर साधारण असा खर्च होतो: एलईडी अँकर लाइट ०.२ अँपिअर, १२ तास, म्हणजे २.४ एएच. सात इंची प्लॉटर १ अँपिअर, ८ तास, ८ एएच. व्हीएचएफ ऐकण्यावर ०.४ अँपिअरने १० तासांचे ४ (२५ वॉटवर बोलताना ५-६ अँपिअर ओढतो, पण बोलणं मिनिटांचं). टिलर पायलट (सुकाणू आपोआप धरणारं यंत्र) सरासरी १ अँपिअर धरून ६ तासांचे ६. केबिनचे दिवे २, पंखा २.४, मोबाइल ३. बेरीज जेमतेम २८. यात फ्रिज घातला की आपल्या उकाड्यात आणखी ४०-५० एएच लागतात आणि सगळा हिशेब बदलतो. फ्रिज हवा की बर्फाची पेटी पुरेल, हे बॅटरीच्या आधी ठरवा.

लेड-ॲसिड का नको? १०० एएचच्या एजीएममधून (सीलबंद प्रकारची लेड-ॲसिड) नियमित वापरायला ५० एएचच मिळतात, वजन ३० किलोच्या आसपास. खरी अडचण मात्र चार्जिंगची आहे. ८० टक्क्यांनंतर लेड बॅटरी करंट घ्यायला कुरकुरते. शेवटचे २० टक्के भरायला तीन-चार तास सहज जातात. शिडाच्या बोटीचं इंजिन चालतं मुरिंग सोडताना अर्धा तास आणि परतताना अर्धा तास. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि दुसऱ्या हंगामात क्षमता निम्म्यावर येते. त्यात उष्णता. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड बॅटरीचं आयुष्य साधारण अर्धं होतं. लिथियम शेवटपर्यंत जवळजवळ तोच करंट घेते, अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही, आणि वजन १२ किलोच्या आसपास.

इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून कुणी सुचवेल. नको. ती उंच असते, बोट कलली की ॲसिड बाहेर येतं, आणि खारं पाणी ॲसिडात शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद केबिनमध्ये तो जिवावर बेतू शकतो. उलट, बोटीला आउटबोर्ड (मागे बाहेर लावलेलं इंजिन) आहे, तुम्ही दुपारी निघून संध्याकाळी परतता आणि विजेवर फक्त व्हीएचएफ व दिवे चालतात, तर लिथियमवर दुप्पट-तिप्पट पैसे घालण्यात अर्थ नाही. ४० एएचची एजीएम आणि २० वॉटचं पॅनेल पुरतं.

लिथियम घेताना लेबलवरचे एएच मोजून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब समांतर जोडा, सुरुवातीचा करंट क्लॅम्प मीटरने बघा. तो ९-१० अँपिअर येतो. १०० एएचची बॅटरी त्यावर दहा तास चालायला हवी. सात-आठ तासांत बंद पडली तर परत करा. परतीची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरका. बीएमएसचा (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) सलग डिस्चार्ज करंट, चार्जिंग बंद करण्याचं तापमान आणि सेल प्रिझमॅटिक (चौकोनी डब्यासारखे) आहेत का, हे लेखी घ्या. सोलर स्ट्रीटलाइटसाठी गोल सेल जोडून केलेले पॅक सतत हादऱ्यात राहण्यासाठी बनवलेले नसतात.

जागा: बोटीच्या मध्याजवळ, बसण्याच्या बाकाखाली, बिल्जच्या (बोटीच्या तळाशी साचणाऱ्या) पाण्याच्या वर आणि इंजिनच्या पेटीबाहेर. पट्टा नुसता गुंडाळून भागत नाही. ४० किलोच्या ओढीने बॅटरी कुठल्याही दिशेला २५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये, हे एबीवायसी या बोटींचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या मानकाचं माप साधं आणि उपयोगी आहे. टिलर पायलटच्या आत होकायंत्र असतं, त्यामुळे जाड वायर त्याच्याजवळून नेऊ नका. प्लस-मायनस एकत्र पिळून न्या.

वायर टिन्ड (कथिलाचा मुलामा दिलेल्या) तांब्याचीच घ्या. घरगुती वायर खाऱ्या हवेत लगपासून (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आत काळी पडत जाते आणि वरचं इन्सुलेशन मात्र नवं दिसतं. जाडी अंदाजाने ठरवू नका. बिल्ज पंप ५ अँपिअरचा आणि ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर. २.५ चौरस मिलिमीटरमध्ये ०.४२ व्होल्ट पडतात, म्हणजे साडेतीन टक्के. पंप, नेव्हिगेशन दिवे आणि व्हीएचएफसाठी मर्यादा ३ टक्के, म्हणून तिथे ४ चौरस मिलिमीटर. मुख्य वायर १६ चौरस मिलिमीटर, फ्यूज ८० अँपिअर.

हा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १८ सेंटिमीटरच्या आत हवा. शॉर्ट झाल्यावर लिथियम हजारो अँपिअर सोडते. गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानातला काचेचा किंवा ब्लेड फ्यूज ते तोडू शकत नाही, त्याच्या आत ठिणगी चालूच राहते. टर्मिनलवर बसणारा एमआरबीएफ (१०,००० अँपिअर तोडण्याची क्षमता) किंवा क्लास-टी घ्या. आणि स्टीलचा वॉशर लग आणि टर्मिनलच्या मध्ये घालू नका. लग थेट टर्मिनलवर, वॉशर त्याच्या वर. मध्ये वॉशर आला की सांधा तापतो. काम बिनचूक दिसतं, म्हणून हा दोष शोधायला फार वेळ जातो.

अल्टरनेटर लिथियमला थेट जोडू नये. एक, बॅटरी मागेल तेवढा करंट देता देता छोटा अल्टरनेटर जळतो. दोन, बीएमएसने चार्जिंग अचानक तोडलं तर अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळून त्याचे डायोड जातात. म्हणून अल्टरनेटर स्टार्टरच्या लेड बॅटरीवर आणि तिथून डीसी-डीसी चार्जर. १८ अँपिअर द्यायला तो २२-२३ ओढतो. ३५ च्या अल्टरनेटरला ते झेपतं. ३० अँपिअरचा चार्जर घेतला असता तर झेपलं नसतं. निम्मी रिकामी बॅटरी इंजिनवर तीनेक तासांत भरते. चार्जर मात्र चांगलाच तापतो: उभा लावा, वर-खाली १० सेंटिमीटर मोकळे सोडा. जुना व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले (व्होल्टेज बघून दोन बॅटरी आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) काढून टाका. तो १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला सोडतो, आणि लिथियम तर नुसती पडून असतानाच १३.३ दाखवते. तो सुटणारच नाही.

सोलर कंट्रोलरमध्ये ॲब्सॉर्प्शन (पूर्ण भरतानाचा व्होल्टेज) १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर राखायचा) १३.५, इक्वलायझेशन (लेड बॅटरीसाठीचं जादा चार्जिंग) बंद, तापमान भरपाई शून्य. डिसेंबर ते मे स्वच्छ उन्हात १०० वॉटमधून दिवसाला २५-२८ एएच मिळतात, म्हणजे वरचा हिशेब जवळपास फिटतो. बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली पॅनेलवर आडवी पडली की उत्पादन निम्म्याखाली जातं. कावळ्यांच्या प्रसादाचंही तेच.

व्होल्टमीटर इथे निरुपयोगी. ९० टक्के आणि ४० टक्के यांत ०.२ व्होल्टचाही फरक धड दिसत नाही, म्हणून शंट लागतोच. सगळे मायनस शंटच्या लोडच्या बाजूला. एक वायर जरी थेट बॅटरीला राहिली तरी आकडा खोटा. मॉनिटरमध्ये ‘चार्ज्ड व्होल्टेज’ १३.२ सारखा कमी ठेवला तर ढग आल्यावर करंट घटतो आणि मॉनिटर बॅटरी भरली असं समजून १०० टक्के दाखवतो. तो १४.० ठेवा, टेल करंट (ज्याच्या खाली चार्जिंग गेलं की बॅटरी भरली असं धरायचं) क्षमतेच्या ४ टक्के.

खरी अडचण एकच: बॅटरी तळाला गेली की बीएमएस पूर्वसूचना न देता सगळं तोडतं. लेड बॅटरीचे दिवे आधी मंद होतात, इथे थेट अंधार. नंतर सोलरनेही ती जागी होत नाही, कारण बॅटरीचा व्होल्टेज दिसल्याशिवाय बरेच कंट्रोलर सुरूच होत नाहीत. स्टार्टर बॅटरीतून फ्यूज असलेल्या जंपरने क्षणभर व्होल्टेज दिला की उठते. तो जंपर बोटीवर ठेवा. लोड १२.० व्होल्टला तोडणारं यंत्र बसवलं तर ही वेळ सहसा येत नाही. याच कारणाने स्वयंचलित बिल्ज पंप लेड बॅटरीवर ठेवला आहे. पंपाने ती संपवली तर इंजिन लागणार नाही, हे मान्य. पण शिडं आहेत, आणि बोट तरंगत असेल तरच शिडांचा उपयोग.

पावसाळ्यात बोट वर घेतली की लिथियम ५०-६० टक्क्यांवर आणा, मायनस आधी सोडा आणि घरी न्या. १२ किलो एका हाताने उचलतात. पूर्ण भरून चार महिने ठेवू नका. लेडचं उलट: पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा टॉप-अप करा. नारळी पौर्णिमेनंतर परत जोडताना बॅटरी आधी, पॅनेल नंतर. प्रत्येक लग हाताने हलवून पाहा, हीटश्रिंकच्या कडेला हिरवट दिसलं तर लग कापून नवा क्रिंप करा, आणि पहिल्यांदा इंजिन लावल्यावर अर्ध्या तासाने सगळ्या जोडांना हात लावा. जो गरम लागेल तो उघडा.