फुकटचा पंप आणि हवा सोडणारे फुटबॉल: परदेशातून क्रीडासाहित्य मागवल्यानंतरचे काही महिने

परदेशी पुरवठादाराकडून माल मागवायचा विषय निघाला की सगळे एमओक्यू (पुरवठादार घेतो ती किमान ऑर्डर), भाडं आणि कस्टमवर बोलतात. पंपाच्या पिनेबद्दल कुणी अक्षर काढत नाही. मी काढणार आहे, आणि जरा जास्तच काढणार आहे. गेल्या काही महिन्यांत माझ्या छोट्या ऑनलाइन दुकानाचा जेवढा नफा त्या पिनेने खाल्ला, तेवढा जहाजाच्या भाड्यानेही खाल्ला नाही.

माल काय होता ते थोडक्यात. पाच नंबरचे मशीनने शिवलेले फुटबॉल, वर पीयूचं (कृत्रिम चामड्यासारखं) आवरण, आत ब्लॅडर म्हणजे हवेची रबरी पिशवी, आपला लोगो छापलेला. लोगो हवा म्हणून किमान ५०० नग. सोबत रेझिस्टन्स बँड आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या. हाताने शिवलेल्या बॉलसाठी पाकिस्तानातल्या सियालकोटचं नाव जगभर घेतलं जातं, २०१४ च्या विश्वचषकातला अधिकृत बॉल ब्राझुकासुद्धा तिथल्याच कारखान्यात बनला. पण मला एकाच पुरवठादाराकडून तिन्ही वस्तू एका खेपेत हव्या होत्या, म्हणून चीनमधला एक निर्यातदार धरला. त्याचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे वाचताना कळेल.

बँडबद्दल तक्रार नाही. नैसर्गिक लॅटेक्सचे आहेत. उघडल्या उघडल्या रबराचा वास येतो, पण एक-दोन दिवसांत जातो. उन्हात ठेवले तर तडकतात, तसं दुकानाच्या पानावर स्पष्ट लिहिलंय, तरी लोक ठेवतातच. दोऱ्या ठीक. हँडलमधलं बेअरिंग सॅम्पलमध्ये होतं तेच आलं, याचंही आता कौतुक वाटतं.

आता फुटबॉल.

हे बॉल हवा काढून, वाटीसारखे दुमडून, एकात एक रचून येतात. का, ते एका हिशोबात समजतं. पाच नंबरच्या बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे व्यास जवळपास २२. फुगवलेला बॉल २२×२२×२२ च्या खोक्यात बसवला तर १०,६४८ घन सेंटिमीटर होतात. कुरियरवाले त्याला ५००० ने भागतात आणि वजन धरतात २.१३ किलो. बॉलचं खरं वजन ४१० ते ४५० ग्रॅम! हवेचं भाडं भरायची माझी तयारी नव्हती. दुमडून भरले तर ६०×४५×४५ च्या एका कार्टनमध्ये ५० बसले. खरं वजन साडेएकवीस-बावीस किलो आणि आकारमानाचं २४.३, म्हणजे जवळजवळ बरोबरी. समुद्रमार्गे तर सगळा खेळ घनमीटरचाच. दहा कार्टन, सव्वा घनमीटरच्या आत-बाहेर. फुगवलेले आणले असते तर पाचच्या वर गेले असते. इथवर मी पुरवठादारावर बेहद्द खूश होते.

खूश असतानाच त्याच्या विक्री-प्रतिनिधी मुलीचा निरोप आला: पहिली ऑर्डर आहे, म्हणून प्रत्येक बॉलमागे एक छोटा हातपंप आणि पिन आमच्याकडून भेट. काटकसरी माणसाला ‘भेट’ हा शब्द ऐकल्यावर जे होतं तेच मला झालं. साध्या बॉलच्या पानाशिवाय पंपवाला फुटबॉल म्हणून वेगळं पान, त्यावर पंपाचा फोटो, तेही तयार करून ठेवलं.

भेटीचा पहिला प्रसाद कस्टममध्ये मिळाला. फुगवायचे बॉल एचएस कोड (कस्टममध्ये वस्तू ओळखायचा आकडा) ९५०६.६२ मध्ये येतात, खेळाच्या साहित्याच्या प्रकरणात. हातपंप मात्र ८४१४.२० मध्ये, म्हणजे ८४ व्या प्रकरणात, यंत्रसामग्रीत. हे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, त्यामुळे यातून कुठेच सुटका नाही. पुरवठादाराने पंप इनव्हॉइसमध्ये घातलेच नव्हते, फुकट दिले म्हणून. पॅकिंग लिस्टमध्येही नाहीत. पण कार्टन मात्र दोन जास्त. क्लिअरिंग एजंटचं म्हणणं अगदी सरळ होतं: फुकट दिलेल्या वस्तूलाही कस्टमच्या कागदावर किंमत लागते, कोड लागतो, संख्या लागते. खुलासा, सुधारित इनव्हॉइस, पुन्हा तपासणी, आणि तोवर गोदामाचं भाडं चालू. शिवाय त्या दोन कार्टनचं आकारमान माझ्याच भाड्यात मोजलेलं. फुकटच्या पंपाचं भाडं मी भरलं, आणि त्याच्या चौकशीच्या काळातलं गोदामभाडंही मीच.

तरी म्हटलं, असू दे. माल हातात आला, फोटोसारखाच होता, शिवण सरळ, छपाई स्वच्छ. विक्री सुरू झाली, पहिले अभिप्राय पाच ताऱ्यांचे.

मग परती सुरू झाल्या. कारण एकच: हवा राहत नाही. संध्याकाळी भरला, सकाळी मऊ. एकाने लिहिलं, बॉल आहे की उशी. परत आलेले बॉल फुगवून मी बादलीत बुडवले. शिवणीतून एकही बुडबुडा नाही. सगळे बुडबुडे व्हॉल्व्हमधून, बारीक, संथ, न थांबणारे.

आता इथे तुम्ही म्हणाल, माल निघण्यापूर्वी तपासणी करून घेतली नाही का? घेतली होती. त्रयस्थ तपासनीसाला पैसे देऊन. त्याचा अहवाल माझ्याकडे आहे आणि त्यात एकही गोष्ट खोटी नाही. नमुना-तपासणीच्या आयएसओ २८५९-१ या मानकाच्या तक्त्याप्रमाणे ५०० च्या लॉटमधून ५० नग काढले. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची मर्यादा) २.५, म्हणजे तीन सदोष निघाले तरी लॉट पास, चार निघाले तर नापास. घेर मोजला, वजन केलं, रंग पाहिला, लोगो घासून पाहिला, बॉल फुगवून गोल आहे का तेही पाहिलं. पास.

मात्र तपासनीस सकाळी येतो आणि संध्याकाळी जातो. बॉलची हवा रात्री उतरते. फिफाच्या गुणवत्ता चाचणीत बॉल भरून तीन दिवस तसाच ठेवतात आणि मग दाब किती उतरला ते पाहतात. सर्वात वरच्या दर्जासाठी घट २० टक्क्यांच्या आत लागते. एका दिवसाच्या भेटीत ही चाचणी बसणारच कशी? म्हणजे ज्या एका कारणाने गिऱ्हाईक बॉल परत करतो, नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं तपासण्याचे पैसे मी भरले. चिडचिड झाली ती याची. तपासणीच्या फॉर्ममध्ये शिवणीच्या टाक्यांसाठी रकाना आहे, पिशवीवरच्या गुदमरण्याच्या इशाऱ्यासाठी रकाना आहे, हवेसाठी नाही.

पुरवठादाराशी भांडण यथासांग झालं. पहिलं उत्तर: आमच्या इतर ग्राहकांची अशी तक्रार नाही. दुसरं: व्हिडिओ पाठवा. पाठवले. तिसरं: कोटेशनमध्ये व्हॉल्व्हचा उल्लेख कुठे आहे? खरंच नव्हता. आवरण, थर, वजन, छपाईचे रंग, पिशवीची जाडी, सगळं होतं. व्हॉल्व्ह तेवढा नव्हता. नंतर आणखी काही पुरवठादारांचे कागद मागवून पाहिले, तिथेही नाही. शेवटी तडजोड काय, तर पुढच्या ऑर्डरवर सवलत. म्हणजे माझंच नुकसान भरून काढायला मी त्यांच्याकडून आणखी माल घ्यायचा. त्या रात्री या अनुभवाचा पहिला मसुदा लिहिला. त्याचा शेवट ‘या माणसांच्या वाटेला जाऊ नका’ असा होता.

तो मसुदा तसाच प्रसिद्ध का केला नाही, तर त्यानंतर परतींची यादी नीट लावून पाहिली. पंपाच्या फोटोवाल्या पानावरून गेलेले बॉल आणि साध्या पानावरून गेलेले बॉल वेगळे केले. साधे बॉल क्वचितच परत आले होते. परतींचा ढीग जवळजवळ सगळा पंपवाल्यांचा.

मग भिंग घेऊन ती पिन पाहिली. चांगल्या पिनेचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, हवेचं छिद्र बाजूला असतं. या पिनेचं टोक कापून तसंच सोडलेलं, कडेला खरखरीत धार. बॉलचा व्हॉल्व्ह म्हणजे रबराचा एक लहान बुंधा, त्यात बारीक चीर. पिन आत जाते तेव्हा चीर उघडते, बाहेर आली की रबर स्वतःच मिटतं. तिथून अशी धारदार पिन दोन-चार वेळा घातली की चिरेच्या कडा कापल्या जातात, मग मिटून मिटणार काय? त्यात बॉल कित्येक आठवडे जहाजात, गोदामात कोरडे पडलेले. कोरडं रबर, कोरडी पिन, आणि गिऱ्हाईक घाईत. परत आलेले काही व्हॉल्व्ह कापून पाहिले, आत ओरखडे स्पष्ट दिसतात.

मग नव्या कोऱ्या बॉलवर दोन्ही प्रयोग केले. माझ्या जुन्या चांगल्या पिनेला सिलिकॉन तेलाचा थेंब लावून भरलेले बॉल तीन दिवस व्यवस्थित टिकले. दाबमापकावर थोडी घट दिसली, पण दाबला तर हाताला कळणार नाही इतपत. फुकटच्या पिनेने भरलेल्यांपैकी बरेच दुसऱ्या दिवशी नरम. ब्लॅडरही ब्युटाइलचंच (हवा धरून ठेवणाऱ्या रबराचं) निघालं, सांगितलं होतं तसंच. लॅटेक्सचं ब्लॅडर असतं तर हवा अशीही लवकर उतरली असती, तो त्याचा स्वभावच आहे. म्हणजे बॉल चांगला आणि भेट वाईट!

त्यामुळे पुरवठादाराबद्दलचं मत अर्धं बदललं. अर्धंच. पंप त्यांनीच दिला होता ना.

हे सगळं फोटोंसह त्या मुलीला पाठवलं. आणि इथे खरा धक्का बसला. तिने वाद घातला नाही. पिन बाहेरच्या एका लहान कारखान्यातून घेतली होती हे सांगितलं, दुसऱ्या पिनांचे नमुने कुरियरने पाठवले, आणि ते कुरियर त्यांच्या खर्चाने. बॉलच्या परतींबद्दल मात्र अजूनही ‘पुढच्या ऑर्डरवर सवलत’ हेच पालुपद. पण निदान प्रश्न कुठे आहे ते कळल्यावर तो सोडवायची घाई त्यांनी माझ्याइतकीच केली. असा पुरवठादार सोडून नवा शोधायचा, तर नवे सॅम्पल, नवी छपाईची प्लेट, नवी तपासणी. काटकसर रागापेक्षा मोठी ठरली.

दुसऱ्या ऑर्डरच्या कागदावर आता व्हॉल्व्हसाठी स्वतंत्र ओळ आहे. माल तयार झाला की कारखान्याने २० बॉल, माझ्या सांगण्याप्रमाणे वेगवेगळ्या कार्टनमधले, ठरलेल्या दाबाला भरायचे, त्यावर तारीख लिहून दाबमापकासह फोटो पाठवायचा, आणि तीन दिवसांनी त्याच बॉलचा त्याच मापकासह दुसरा फोटो. तपासनीस येईल तो तिसऱ्या दिवशी, म्हणजे मापक तोच लावून पाहील. याला जादा पैसे पडले नाहीत. फक्त मागावं लागलं. पंप बंद. प्रत्येक बॉलसोबत एक पिन, गुळगुळीत टोकाची, इनव्हॉइसमध्ये संख्या आणि किमतीसह लिहिलेली. तेलाची कुपी मी इथेच घालते, द्रव पदार्थ कार्टनमध्ये नकोत म्हणून.

याच बोलण्यात तिने बॉलवर फिफाच्या दर्जाचं चिन्ह छापून देऊ का, असं विचारलं. वर म्हणे, त्याचे पैसे नाहीत. चाचणी आणि परवान्याशिवाय ते चिन्ह छापणं म्हणजे सरळ नकली माल, कस्टममध्ये जप्त होण्याच्या लायकीचा. पण तिच्या सुरात पिशवीचा रंग विचारावा इतकी सहजता होती. ज्यांना असा प्रस्ताव आला असेल त्यांनी नाही म्हणा, आणि ते लेखी म्हणा.

भाड्याबद्दल थोडंच सांगते, कारण त्यावर सगळेच लिहितात. पहिल्यांदा सीआयएफ घेतलं होतं, म्हणजे आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा पुरवठादाराच्या किमतीत. समुद्राचं भाडं इतकं कमी दाखवलं होतं की मी दोनदा विचारून खात्री केली. आपल्या बंदरात उतरल्यावर इथल्या एजंटाने लावलेले निरनिराळे शुल्क पाहून कळलं, ते स्वस्त का होतं. अर्धवट कंटेनरचा माल असला की हे हमखास होतं. यावेळी एफओबी निंगबो, म्हणजे चीनमधल्या निंगबो बंदरात माल जहाजावर चढेपर्यंत खर्च त्यांचा, आणि जहाज बुक करणारा माणूस माझा. घरपोच डीडीपीचाही (कस्टम ड्युटीसह सगळा खर्च पुरवठादाराकडे) प्रस्ताव होता. ऐकायला गोड, पण आयातदार म्हणून कागदावर कुणाचं नाव आणि मालाची कोणती किंमत जाते याचं उत्तर मिळेना, म्हणून सोडला.

चिनी नववर्षाआधीची घाईची तारीख त्यांनी सुचवली होती, तीही नाकारली. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवसांत कारखाना माल रेटून बाहेर काढतो, आणि सुट्टीनंतर बरेच कामगार नवे असतात. माझा लॉट त्यानंतर, काम स्थिरावल्यावर.

सध्याची स्थिती अशी: ३० टक्के अॅडव्हान्स गेलाय. बॉल तयार आहेत, पहिला फोटो आलाय, मापकाचा काटा स्वच्छ दिसतो. त्यासोबत निरोप आहे की यावेळी प्रत्येक बॉलला जाळीची पिशवी भेट. उत्तर पाठवलं: आधी एचएस कोड, किंमत आणि कार्टनची संख्या कळवा, मग बघू. तिसऱ्या दिवसाचा फोटो अजून यायचाय. तोवर उरलेले ७० टक्के माझ्याच खात्यात.